पिवळा डबा

वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत मी खुरासणीच्या तेलाला ऑलिव्ह ऑइल म्हणत होते. चूक माझी नव्हती, डब्याची होती. जुन्नरच्या आमच्या घरात, माजघराच्या कोनाड्यात, देवाच्या समईच्या हातभर खाली एक पिवळा पत्र्याचा डबा असायचा. अक्षरं बोटांच्या घाशीनं पुसट झालेली, कडेनं गंजाची तांबूस रेघ, झाकण कधीच हरवलेलं आणि त्याच्या जागी चिंधीचा बोळा. पण ‘ऑलिव्ह ऑइल’ एवढं वाचता यायचं. नुकतं वाचायला शिकलेलं पोर घरात जिथं जिथं अक्षर दिसेल ते वाचून काढतं, तसा मी तो डबाही वाचला होता. वर लिहिलंय म्हणजे आत तेच असणार.

माझा जन्म झाला तेव्हा दादांनी तो डबा पुण्याहून आणला होता, फिगारोचा. त्या काळी हे तेल किराणा दुकानात दिसत नसे. ते केमिस्टकडे, ग्राइप वॉटरच्या शेजारी उभं असे, आणि शिकलीसवरलेली माणसं बाळाच्या अंगाला हेच लावतात असं कुणीतरी दादांच्या मनावर बिंबवलेलं. पहिल्या लेकीचा बाप, तो कशाला मागेपुढे बघतोय. तेल महिन्याभरात जिरलं. डबा टाकायची रीत मात्र आमच्याकडे नव्हती. आजीनं कढत पाणी आणि चिमूटभर सोडा घालून तो खळखळून धुतला, दोन दिवस उन्हात पालथा घातला आणि त्यात आपल्या माहेरचं तेल भरलं. पुढची तीसेक वर्षं तो कधी कोरडा पडला नाही.

चौथीत बाईंनी तेलबिया विचारल्या. भुईमूग झाला, करडई झाली, तीळ झाले, सूर्यफूल झालं. मी हात वर करून ‘ऑलिव्ह’ म्हणाले. ते कुठं पिकतं, असं बाईंनी विचारल्यावर तेही ठणकावून सांगितलं : आहुप्याच्या बाजूला, डोंगरउतारावर. गणपती गेले की पिवळी फुलं येतात. गुरं तोंड लावत नाहीत. बी काळं आणि चकचकीत असतं, आणि आमची आजी त्याची चटणीपण करते. बाई इतक्या हसल्या की शेजारच्या वर्गातले गुरुजी दारात येऊन उभे राहिले.

आजीचं माहेर आंबेगावचं. आंबेगाव म्हणजे तालुका नव्हे, गाव. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडलं ते गाव आता नकाशावर शोधायचं तर निळ्या रंगात शोधावं लागतं. घोड नदीवर डिंभे धरण झालं, आंबेगाव पाण्याखाली गेलं, आणि त्या नावाच्या तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. आजीच्या बोलण्यात मात्र गाव शाबूत होतं. त्यातली आळी, आळीच्या टोकाला तेल्याचा घाणा, झापडं बांधलेला बैल, उखळात कण्हत फिरणारी लाट, आणि खाली थेंब थेंब उतरणारं तेल. ती लहान असताना त्या लाटेवर बसून फेऱ्या मारायची म्हणे. पेंडीचा गरम तुकडा फुकट मिळायचा. हे सांगताना ती जिभेनं टाळूला असा आवाज करायची की आमच्याही तोंडाला पाणी सुटे.

खुरासणी हे काही मानाचं पीक नव्हे. भात खाचरात, नाचणी-वरई त्याच्या वरच्या उतारावर, आणि या सगळ्यांनी जमिनीतला जीव घेऊन झाल्यावर जी मुरमाड वरकस उरते तिथं खुरासणी. खत नको, पाळत नको. पाऊस ओसरता ओसरता फूल, कार्तिक लागला की काढणी. एकच गोष्ट तिला लागते, ती मधमाशी. स्वतःच्या परागावर तिचं बी धरत नाही, शेजारच्या झाडावरचा पराग यावा लागतो. म्हणून फुलोऱ्यात त्या वावराजवळ उभं राहिलं की आधी गुणगुण ऐकू येते आणि मग पिवळं दिसतं. देशावर तिला कारळा म्हणतात. आमच्या डोंगरात खुरासणी.

हे नावही मोठं मजेचं आहे. खुरासान तिकडे इराणच्या अंगाला. वनस्पतीचे जाणकार म्हणतात, ही इथिओपियाची. तिकडे तिला ‘नूग’ म्हणतात आणि तिच्या शास्त्रीय नावातही अबिसिनियाच आहे. म्हणजे ज्याला मी जन्मभर गावठी तेल म्हणत आले ते एका परक्या मुलखातून आलं आणि नाव दुसऱ्याच परक्या मुलखाचं लावून बसलं. किती शतकांपूर्वी आलं, कोणत्या गलबतातून, हे ते बी सांगत नाही. पण हे कळल्यापासून देशी आणि विदेशी तेल हा वाद घालायची माझी हौस बरीच कमी झाली. तसा वाद घालायला हा मुलूख काही कमी हक्काचा नाही. विदेशी कापडाची मालमोटार अडवताना १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत चिरडला गेलेला बाबू गेनू आंबेगाव तालुक्यातल्याच महाळुंगे पडवळचा. डिंभ्याच्या जलाशयाला त्याचंच नाव आहे. आणि आजीच्या माहेरचा देशी घाणा त्याच पाण्याखाली आहे. असो.

खरा घोळ शब्दांनीच घातलेला आहे. आपल्या पूर्वजांना पहिलं तेल भेटलं ते तिळातून. म्हणून ते तैल, आणि मग जगातलं सगळंच ‘तेल’. भूमध्य समुद्राकाठच्या लोकांना ते भेटलं ऑलिव्हच्या फळातून. ग्रीक भाषेत त्या झाडाचं नाव एलाइआ, त्यावरून लॅटिन, त्यावरून फिरत फिरत इंग्रजीतलं ऑइल. म्हणजे ‘ऑलिव्ह ऑइल’ म्हणणारा माणूस ऑलिव्ह दोनदा म्हणतो आणि आपण ‘तिळाचं तेल’ म्हणताना तीळ दोनदा म्हणतो. आजी खोबरेल म्हणायची, एरंडेल म्हणायची. खुरासणीला मात्र नुसतं ‘त्याल’. तिच्या लेखी तेच पहिलं असावं.

आमच्या जुन्नरात ऑलिव्हच्या मुलखातली माणसं येऊन गेलेली आहेत, हे पुढे कॉलेजात कळलं. शिवनेरीच्या पोटातली लेणी लहानपणापासून पाहत होते. भिंतीवरच्या ब्राह्मी अक्षरांना आम्ही ‘देवाचं अक्षर’ म्हणायचो. त्यातलं एक अक्षर देवाचं नसून चिट नावाच्या यवनाचं होतं. त्यानं संघाला भोजनमंडप दिला आहे. इरिल नावाच्या दुसऱ्या यवनानं पाण्याची दोन टाकी खोदून दिली. तिसरा चंद, त्यानं मानमोडीच्या डोंगरातल्या लेण्याच्या दर्शनी भागाचा खर्च उचलला. यवन म्हणजे ग्रीक, किंवा निदान त्या वळणाची माणसं. कल्याण-सोपाऱ्याला गलबतातून उतरायचं, नाणेघाट चढायचा आणि जुन्नरच्या पेठेत यायचं. घाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण अजून आहे.

मला त्या चिटाच्या अंगाचं कुतूहल वाटतं. इतिहासाला वाटणार नाही, पण ललित लिहिणाऱ्या बाईला वाटलं तर चालतं. त्याच्या मुलखात आखाड्यात उतरण्याआधी अंगभर ऑलिव्हचं तेल चोळायचे आणि नंतर घाम, धूळ आणि तेल यांचा थर वाकड्या पात्यानं खरवडून काढायचे. अथेन्सच्या स्पर्धांत जिंकणाऱ्याला तर रंगीत रांजण भरून तेलच बक्षीस. त्या संस्कारातला माणूस कुकडीच्या खोऱ्यात आला. थंडीत त्याचं कातडं उललं असेल, पावसाळ्यात पायाला चिखल्या झाल्या असतील. त्यानं काय लावलं? कुणाच्या हातून चोळून घेतलं?

पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेलं ‘पेरिप्लस’ हे दर्यावर्दी टिपण आहे. कुठल्या बंदरात काय उतरतं, काय चढतं, याचा रोकडा हिशेब. त्यात आपल्या किनाऱ्यावरून आफ्रिकेच्या शिंगाकडे जाणाऱ्या मालाची यादी आहे : गहू, तांदूळ, तूप, सुती कापड, उसाचा मध आणि तिळाचं तेल. आणि तिथूनच थोडं वर, इथिओपियाचं दार असलेल्या अदुलिस बंदरात उतरणाऱ्या मालात ऑलिव्ह तेल आहे. फार नको, असा शेरा मारून. तो शेरा वाचून मी खुर्चीत सरळ बसले. इकडून तिळाचं तेल चाललंय, तिकडून ऑलिव्हचं थोडंसं उतरतंय, आणि जवळच्याच डोंगरात खुरासणी पिवळी होऊन उभी आहे. तिन्ही तेलं एका समुद्राच्या काठी.

जुन्नरच्या लेण्यांतलाच आणखी एक लेख. आडुथुम नावाचा शक उपासक. त्यानं एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिकांच्या संघाकडे, जमिनीचं उत्पन्न लावून दिलं. वीस निवर्तनं जमीन करंजाच्या झाडांसाठी आणि नऊ वडाच्या झाडांसाठी, असा त्याचा अर्थ अभ्यासकांनी लावलेला आहे. वड सावलीला, हे समजतं. करंज कशाला? ज्याच्या घरी गुरंढोरं आहेत त्याला हा प्रश्न पडत नाही. करंजाचं तेल कडू, खायला चालत नाही, पण दिव्याला चालतं, खरजेला चालतं, बैलाच्या खांद्यावरच्या जखमेला चालतं. भिक्खूंची लेणी ओल धरणारी, चातुर्मासात एकाच जागी मुक्काम. प्रकाश आणि कातडी, दोन्हीची निगा एका झाडानं होत असणार. हा माझा तर्क आहे, शिलालेखात नाही. नाशिकच्या लेण्यांत मात्र स्पष्टच कोरलेलं आहे : आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षी विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेनं आजारी भिक्खूंच्या औषधासाठी कायमची ठेव ठेवली, आणि ती ज्या श्रेणींकडे ठेवली त्यांत तिलपिषक आहेत. म्हणजे तेली. तेल गाळणाऱ्यांवर औषधाचा भरवसा टाकण्याची रीत आपल्याकडे किमान इतकी जुनी आहे.

तेली म्हटलं की आमच्या भागात दुसरं एक नाव आपोआप ओठावर येतं, चाकणच्या संताजी जगनाड्यांचं. तुकोबांच्या टाळकऱ्यांत हा घाण्यावरचा माणूस होता आणि त्यानं अभंग उतरवून ठेवले. सुदुंबऱ्याला त्यांची समाधी आहे. तेलकट बोटांनी कागदाला डाग कसे पडले नाहीत, असं मी लहानपणी आजीला विचारलं होतं. ती म्हणाली, “पडलं आसत्याल की. म्हणून तर पाण्यात भिजलं न्हाईत.” गाथा पाण्यात तरली तिचं हे तेलाचं स्पष्टीकरण मला अजून कुठल्या ग्रंथात सापडलेलं नाही.

आता माझ्या कोपरांची गोष्ट.

नोकरीनं पुण्यात आले. तिशी ओलांडल्यावर एका हिवाळ्यात दोन्ही कोपरांवर आणि मनगटांच्या आतल्या बाजूला कातडी खरखरीत झाली, खाजायला लागली. ऑलिव्ह ऑइलचा तोवर चांगलाच बोलबाला झालेला. ते केमिस्टच्या फळीवरून उतरून मॉलच्या काचेत जाऊन बसलं होतं. मी हौसेनं महागडी बाटली आणली. अक्षरशः डब्याचं ऋण फेडल्यासारखं वाटलं. तीस वर्षं ज्याचं नाव वाचलं ते तेल शेवटी खरोखरच अंगाला लागणार होतं. रोज रात्री चोळायची. दोन आठवडे बरं वाटलं. मग लाली चढली, मग आग व्हायला लागली. मला वाटलं, कमी पडतंय. आणखी लावलं. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले तर त्या आधी हसल्या, चौथीतल्या बाईंसारख्याच, आणि म्हणाल्या, “हे खाण्यासाठी असतं हो.”

त्यांनी जे समजावलं ते असं. आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर म्हणजे विटांची भिंत धरा. विटांच्या मधला चुना म्हणजे स्निग्ध पदार्थ. ऑलिव्ह तेलात सत्तर टक्क्यांच्या आसपास ओलेइक आम्ल असतं, आणि ते या चुन्यात शिरून त्याची बांधणी सैल करतं. ज्याची भिंत मुळात भक्कम त्याला फरक जाणवणार नाही. पण ज्याला एक्झिमाचा कल आहे, किंवा ज्याची भिंत अजून बांधून व्हायची आहे, त्याला ते बाधतं. भिंत अजून बांधून व्हायची आहे असा माणूस म्हणजे तान्हं बाळ. २०१३ साली ब्रिटनमध्ये शेफील्डच्या संशोधकांनी मोठ्या माणसांच्या हातांवर काही आठवडे रोज दोनदा ऑलिव्ह तेलाचे थेंब लावून हेच पाहिलं : थर कमकुवत झाला, थोडी लालीही आली. सूर्यफुलाच्या तेलानं तसं झालं नाही. बाळांच्या मालिशला ऑलिव्ह तेल नको, असं त्यांनी लिहून टाकलं. सूर्यफुलात लिनोलेइक आम्ल जास्त, आणि कातडीला आपला चुना बनवायला तेच लागतं. बांगलादेशात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सूर्यफुलाचं तेल लावल्यावर जंतुसंसर्ग बराच कमी झाल्याचं २००५ साली छापून आलं होतं. त्याच वर्षी मुंबईतल्या डॉक्टरांनी खोबरेल तेलानं मालिश केलेल्या अशा बाळांचं वजन चांगलं वाढल्याचं नोंदवलं.

घरी येऊन मी खुरासणीच्या तेलाची माहिती शोधली. त्यातही लिनोलेइकच वरचढ. साधारण निम्मं, कधी त्याहून बरंच जास्त. म्हणजे जातकुळीनं ते सूर्यफूल-करडईच्या घरातलं. पिवळ्या डब्यावर जे लिहिलं होतं त्यापेक्षा आत जे होतं ते माझ्या कातडीच्या जास्त जवळचं होतं. दादांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “मग तुझी आजी काय येडी होती?” येडी नव्हतीच. पण तिला लिनोलेइक कळत होतं असंही मी म्हणणार नाही. आपल्याकडे हल्ली आजीच्या पदराला विज्ञानाचं प्रमाणपत्र टाचायची फार घाई असते. आजी कधीकधी चुकायचीसुद्धा. तान्ह्या भावाच्या कानात ती तेल घालायची आणि त्याचे कान दोनदा फुटले.

तिला कळत होता तो वास. तेल आलं की पहिलं काम ते. “आधी हातावं घी. चोळ. आन् वास घी. खवट आला तर दिव्याला लाव, पोराच्या अंगाला न्हाई.” खुरासणीचं तेल लवकर खवटतं, ज्या गुणानं ते कातडीला मानवतं त्याच गुणानं ते हवेला पटकन बळी पडतं. म्हणून ती तेल साठवत नसे, बी साठवायची. बी कणगीत वर्षभर राहतं. सहा-सात शेर बी घाण्यावर धाडायचं, त्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडं अधिक तेल येतं, ते महिना-दीड महिना पुरवायचं, मग पुन्हा. फक्त शनिवारी तेल घरात आणायचं नाही, एवढं पाळायची. ऑलिव्हचं याच्या बरोब्बर उलट. ते बियाचं तेल नसून फळाचा रस आहे. फळ तोडलं की शक्यतो चोवीस तासांत पिळावं लागतं, नाहीतर ते आंबतं. पाचेक किलो फळाला एखादा लिटर तेल. तिकडची आजी फळ साठवू शकत नाही, म्हणून तेल साठवते, काळोख्या थंड तळघरात, मातीच्या रांजणात. आपण तेच तेल पारदर्शक बाटलीत, दुकानाच्या दिव्याखाली दोन वर्षं उभं केलेलं विकत घेतो आणि त्याला आरोग्य म्हणतो.

चांगलं ऑलिव्ह तेल मी एकदाच चाखलं. माझा मामेभाऊ जर्मनीत असतो. तो ग्रीसला फिरायला गेला होता, तिथल्या एका शेतकऱ्याकडून त्यानं हिरवट तेलाचा कॅन आणला. त्यावर तोडणीचा महिना लिहिलेला होता. तेव्हा आजी नव्वदीच्या घरात होती. त्यानं चमच्यात तेल घेऊन आधी मला दिलं. जिभेवर ताज्या कापलेल्या गवतासारखं लागलं, मग कडवट, आणि घशात उतरताना असा ठसका बसला की डोळ्यांत पाणी. मला वाटलं, बिघडलंय. तो म्हणाला, नाही, हाच त्याचा कस. आजीनं हात पुढे केला. तिनं चमचा तोंडात उलटा केला, क्षणभर थांबली, खोकली, आणि म्हणाली, “ह्ये तर बाळहिरड्यागत हाय.”

आमच्या पश्चिम पट्ट्यातल्या कुठल्याही घरात बाळहिरड्याची चव सांगावी लागत नाही. भीमाशंकर-आहुप्याच्या रानात महादेव कोळी मंडळी उन्हाळ्यात कवळा हिरडा झोडून वाळवतात, पावसाळ्याआधीचा तोच रोख पैसा. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळानं त्यातली कितीतरी झाडं आडवी केली. तोंड आवळून टाकणारी ती तुरट-कडू चव ज्या द्रव्यांची, त्यांच्याच मोठ्या गोतावळ्यातली, पॉलिफेनॉल म्हणतात ती, ताज्या ऑलिव्ह तेलात असतात. आजीची जीभ बरोबर त्या गोत्रावर जाऊन बसली होती. घशातल्या ठसक्याचीही कथा आहे. गॅरी बोशाँ नावाचा अमेरिकी संशोधक सिसिलीत एका परिषदेला गेला असताना तिथलं ताजं तेल प्यायला आणि त्याचा घसा चुरचुरला. ही चुरचुर त्याच्या ओळखीची होती. आयब्यूप्रोफेन हे वेदनाशामक पातळ स्वरूपात चाखताना ती त्यानं अनुभवली होती. त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००५ साली त्या द्रव्याला नाव दिलं ‘ओलिओकँथल’, आणि ते सूज आणणाऱ्या विकरांना त्याच औषधासारखं रोखतं असं दाखवलं.

आजीनं चमचा ठेवला आणि निवाडा दिला, “ह्ये औषध हाय. अंगाला कशाला चोळताय? खावा.”

तिचं म्हणणं एवढंच, आणि त्यापुढे माझ्यापाशीही फारसं नाही. खावं. स्पेनमध्ये सात हजारांहून जास्त माणसांवर झालेला एक मोठा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. भाज्या, डाळी, मासे आणि भरपूर एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल खाणाऱ्या गटात हृदयविकार आणि पक्षाघाताचे प्रसंग साधारण तीस टक्क्यांनी कमी दिसले. पुढे त्या अभ्यासातल्या गटवाटपात गफलत सापडली, तो मागे घेऊन २०१८ साली दुरुस्त करून पुन्हा छापला. निष्कर्ष जवळपास तोच राहिला. पण ती माणसं बाटली पीत नव्हती, तसं जेवत होती. आपण काय करतो? एक्स्ट्रा व्हर्जिन महाग म्हणून पोमेस आणतो. पोमेस म्हणजे पिळून उरलेल्या चोथ्यातून रसायनानं ओढून काढलेलं आणि शुद्ध करताना गुणांनाही मुकलेलं तेल. आपल्या भाषेत पेंडीचं तेल. त्यात मोहरी तडतडवतो, कांदा परततो आणि दोन पुऱ्या जास्त खातो, कारण तेल ‘हार्टला चांगलं’. मासवडीच्या रश्श्यावर पोमेसचा तवंग आणलेला मी एका लग्नात पाहिला आहे. त्यावर जास्त बोलत नाही.

आमच्याकडे ऑलिव्ह पिकेल का, असं मला एकदा भाच्यानं विचारलं. परमुलखातून द्राक्ष आलंच की. नारायणगावच्या बाजूला तर ते इतकं रुजलं की १९८० च्या दशकात ‘इंडेज’ या वाइन कंपनीनं तिथं फ्रेंच पद्धतीची फेसाळ वाइन केली. ऑलिव्हचं तसं जमणार नाही. त्याला फुलण्याआधी कडक थंडी लागते, पाऊस हिवाळ्यात लागतो आणि उन्हाळा कोरडा. आमचा पाऊस उन्हाळ्याच्या शेपटीला धरून येतो आणि चार महिने हलत नाही. राजस्थाननं इस्रायलची रोपं आणून प्रयत्न केला, त्या सरकारी कंपनीत पुण्याची एक कंपनीही भागीदार होती. २०१४ साली बिकानेरजवळ लूणकरणसरला तेल गाळण्याचा कारखानाही निघाला. तिथं वाळू आहे, कोरडी हवा आहे. इथं मात्र नाणेघाटातून ढग आत शिरतात.

त्या ढगांसाठी आजीकडे एक मलम होतं. आवणीच्या दिवसांत बायका सकाळपासून चिखलात वाकलेल्या. बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी होऊन फाटायची, टाचांना भेगा पडायच्या. आजी रानातल्या मोहोळाचं मेण वितळवून त्यात पाचपट खुरासणीचं तेल घालायची, थोडी हळद, आणि गार होईस्तोवर लाकडी काडीनं घोटत राहायची. ते मलम खाचरात उतरण्याआधी लावायचं, नंतर नव्हे. कातडी सुधारायला म्हणून नाही, पाणी आत शिरू नये म्हणून. दुसऱ्या शतकात रोममध्ये गेलन नावाच्या ग्रीक वैद्यानं मेण आणि ऑलिव्ह तेल वितळवून, त्यात पाणी घोटून एक गार मलम केलं. आज जिला कोल्ड क्रीम म्हणतात तिची ती पणजी. आयुर्वेदातलं सिक्थ तैलही मेण आणि तेलाचंच. गेलन रोममध्ये घोटत होता त्याच सुमाराला जुन्नरच्या डोंगरात छिन्न्या चालू होत्या. चिटानं कुणाकडून तरी असंच मलम घेऊन टाचांना लावलं असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं आहे.

आजी गेली. घाणा तर तिच्याआधीच गेला होता. धरणानं एक बुडवला आणि रेशनवरच्या पामतेलानं उरलेले. आता लाकडी घाण्याची नवी टूम आली आहे, विजेवर फिरणारी लाट, काचेतून दिसणारी. मी नाक मुरडत नाही. बी आपलं नेलं तर तासाभरात समोर तेल काढून देतात आणि पेंडही परत देतात. खुरासणी घेऊन गेले तेव्हा घाणेवाल्या पोरानं ती ओंजळीत घेऊन विचारलं होतं, हे काय, कांद्याचं बी?

पिवळा डबा माझ्याकडे आहे. बुडाला भोक पडलं, ते डाग देऊन बुजवलं, तरी झिरपतो. त्यात आता तेल ठेवत नाही. तेल काळ्या बाटलीत असतं आणि कोपरं बरी आहेत.

खुरासणी बघायची असेल तर दसऱ्याच्या आठ-पंधरा दिवस आधी डिंभ्याच्या पुढे आहुप्याच्या रस्त्यानं जा. गाडी रस्त्यावरच ठेवा आणि वावरात शिरू नका, मधमाश्या कामात असतात. तेल तेव्हा मिळणार नाही. बी मागायला कार्तिकात पुन्हा यावं लागेल, आणि येताना पिशवी घरून आणा.